थोरला भोक बुजवायला शिकला

१ मार्च, सकाळ
मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही, पण त्यावाचून बोलणं कधी अडलं नाही. करार एवढाच, की तिनं मध्ये आपली अक्कल घालायची नाही आणि वही माझ्या मुलाला दाखवायची नाही.
नवरा जाऊन चार महिने झाले. मागे तीन ससे ठेवून गेला. मागच्या अंगणात जाळीच्या खोपटात असतात. मुलगा म्हणतो, आई, तुझ्याच्यानं होणार नाही, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे देऊन टाकू, त्याच्या गच्चीवर पक्की खोली आहे. मी म्हटलं, महिनाभर बघ. एक जरी ससा कमी झाला तर सगळे ने. हो म्हणाला.
मला सशांचं काही नाही. मुलाचं ऐकायचं नाही, एवढंच.

२ मार्च
नावं ठेवली. थोरला, मधला, धाकटा. तिघंही नर. सून म्हणाली, कशावरून? म्हटलं, खाऊन कसे पसरतात ते बघ.

४ मार्च
सुताराला बोलावलं. वर पत्रा, दाराला दोन कड्या, शेजारणीच्या बोक्यासाठी जाळी दुहेरी. सुतार म्हणाला, आजी, जाळी नुसती उभी नको, हातभर जमिनीत गाडू, ससा खणतो. म्हटलं, बाबा रे, धोका बाहेरून येतो. आतला काय करणार आहे?
मान हलवत गेला. हलवू दे.

७ मार्च
बोका आला. जाळीपाशी बसला. बघितलं. गेला. जिंकले.
आनंद वगैरे नाही झाला. चहा प्यायले. गार झाला होता. तसाच प्यायले.

११ मार्च, दुपार
ऊन फार. ससे धापा टाकायला लागले. पत्र्यावर ओली पोती टाकली. कल्पना माझी.
(सून म्हणते, तिची. करार मोडला.)

१५ मार्च
थोरला कोपऱ्यात खणतो. दगड भरले. सुताराला कळता कामा नये.

१६ मार्च
दुसऱ्या कोपऱ्यात खणलं. दगड भरले.

१७ मार्च
पुन्हा. दगड संपले. शेजारणीच्या कुंपणाचे दोन आणले. ती खिडकीतून म्हणाली, घर बांधताय का हो? म्हटलं, तुझ्या बोक्यासाठी बांधतेय. खिडकी लावली.

२० मार्च
थोरला स्वतःच्या छातीचे केस उपटतो. तोंडात झुबका धरून हिंडतो. सून म्हणाली, डॉक्टरला दाखवू. म्हटलं, दुःख आहे ते. नवरा रोज सकाळी त्याला मांडीवर घ्यायचा. चार महिन्यांनी का होईना, त्याला आठवण आली.
मला अजून आली नाही. कपाट आवरलं, चष्मा देऊन टाकला, काही झालं नाही. येईल तेव्हा येईल.

२२ मार्च, सकाळी सहा
मोठी बातमी. थोरल्याने पुन्हा खणलं, पण सकाळपर्यंत भोक त्याचं त्यानंच बुजवलं! माती दाबून, वर गवत टाकून, हात फिरवल्यासारखं साफ. शिकला. याला म्हणतात वचक. मुलगा चाळिशीला आला तरी चपला जागेवर ठेवायला शिकला नाही, आणि हा तीन आठवड्यांत.
सुनेनं हे वाक्य फार आवडीनं लिहिलं.

२४ मार्च, संध्याकाळ
सात दिवस राहिले. काम पक्कं केलेलं बरं. थोरल्याच्या कोपऱ्यावर फरशी टाकली, वर वीट. आता खण म्हणावं. केमिस्टला निरोप धाडला, खोलीत खुशाल कांदे ठेव.

२५ मार्च
थोरला दिवसभर फरशी खरवडतोय. खोड लवकर जात नाही. जाईल.

२६ मार्च, सकाळ
अजून खरवडतोय. गाजर हुंगलंसुद्धा नाही. पंजाला रक्त. सुनेनं मला न विचारता डॉक्टरला फोन केला. अशानं घर कसं चालायचं?

२६ मार्च, दुपार
जनावरांचा डॉक्टर आला. थोरल्याला उताणं केलं आणि म्हणाला, आजी, ही थोरली आहे.
फरशी उचलली. मग बोटांनी माती काढली. आत त्या उपटलेल्या केसांची गादी, तिच्यात पाच पिल्लं. अंगठ्याएवढी, डोळे मिटलेले. चार हलत होती.
विचारलं, पाचवं झोपलंय का? सुनेनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला, मातीचा होता.
डॉक्टर म्हणाला, सशीण पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून एखाद्या वेळी येते, पाच मिनिटं पाजते, भोक बुजवते आणि लांब जाते. जवळ बसली तर बोक्याला पत्ता लागेल ना. बघणाऱ्याला वाटतं, आईला माया नाही.
नवरा दवाखान्यात होता तेव्हा मीही दिवसातून एकदाच जायचे. डबा ठेवायचे, पाय दाबायचे, परत यायचे. नणंद चार जणांत बोलली होती. हे कुठं निघालं मध्येच. लिहिलंस? असू दे.
मधला आणि धाकटा नरच निघाले. त्यांना आजच्या आज वेगळं करा, नाहीतर महिन्यात पुन्हा, असं डॉक्टर म्हणाला. तिघांत दोन माझे बरोबर होते, हे त्याच्या कानावर घातलं.

२७ मार्च
सुताराला बोलावलं. खोपटाच्या बाहेरून चर खणून जाळी हातभर खाली गाडली. मधे फळी घालून दोन भाग केले. तो एका शब्दानं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर तयार होतं.

३१ मार्च, संध्याकाळ
मुलगा मोजायला आला. केमिस्टही टोपली घेऊन हजर. तीन मोठे, चार लहान. मुलगा म्हणाला, आई, जिंकलीस बुवा, कमी कुठले, वाढलेत! केमिस्ट हसत निघाला.
म्हटलं, थांब. पाच होती. एक कमी झालंय.
मुलगा म्हणाला, अगं, ते कुठं धरतेस? म्हटलं, मी धरलं. फरशी मी टाकली होती. बोक्यानं नाही. ने सगळे.
केमिस्ट घुटमळला. म्हणाला, आजी, पिल्लं दोन महिने तरी आईपासून हलवता यायची नाहीत, डॉक्टरनंच सांगितलंय. टोपली इथंच ठेवून जातो.
म्हणजे धड हरताही आलं नाही.
सगळे आत गेल्यावर मी दारातच उभी राहिले, लांब. थोरली आली. पाच मिनिटं आत डोकं घालून होती. मग माती ओढली, दाबली, आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या टोकाला जाऊन गवत खात बसली.
डोळ्यात माती गेली, असं लिही, म्हटलं. सून म्हणाली, आई, आत येऊन अर्धा तास झाला, आपण स्वयंपाकघरात बसलोय.
बरं. मग पेन ठेव जरा.