समोरच्या ताईकडे जायचा रस्ता

३ जून, सकाळी ८
संकल्प: या महिन्यात घरासमोर झेब्रा क्रॉसिंग आणायचंच. नगररचना खात्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग काढलीत, रस्त्यातलं मला कुणी शिकवू नये. हा रस्तासुद्धा माझ्याच हातचा. सरळ, सहा पदरी, मध्ये कुठेही खोळंबा नाही. पलीकडे ताई राहते. एकट्याला करमत नाही म्हणून जायचंय, असं अजिबात नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ जून
जुन्या ऑफिसात गेलो. नवा इंजिनिअर म्हणाला, काका, तासाला वीस माणसं ओलांडत असतील तरच पट्टे मिळतात. नियम चोख आहे. मीच लिहिला होता.

६ जून, सकाळी ९ ते १२
बाल्कनीतून मोजणी. गाड्या ४,२१२. पादचारी शून्य. इतक्या भरधाव गाड्यांतून कोण मरायला ओलांडेल? ड्रायव्हरांना शिस्त नाही. रस्त्यात दोष नाही.
ताईनं खिडकीतून हात हलवला. मीही हलवला. तेवढ्यात एक-दोन गाड्या निसटल्या असतील.

९ जून
शून्य. ताईचा फोन. म्हणाली, अरे, समोर राहतोस आणि वर्ष झालं तोंड दाखवलं नाहीस; माझे गुडघे पळण्यासारखे असते तर मीच आले असते. म्हटलं, आकडा जमला की येतो. तिनं फोन ठेवला. तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

१२ जून
स्वतःच वीस वेळा ओलांडायचं ठरवलं. दुभाजकापर्यंत पोचलो. चाळीस मिनिटं तिथेच. परत फिरलो. ताई खिडकीतून बघत होती. लाज वाटली. अर्धा पादचारी धरायला हरकत नाही.

१५ जून
पलीकडे सामानाचा ट्रक आडवा लागला. तिकडचे तिन्ही पदर तुंबले, बघ्यांमुळे इकडचेही. अर्धा तास सगळं ठप्प. ओलांडायला याहून चांगली वेळ नव्हती, पण मोजणी अर्धवट कशी सोडणार?

संध्याकाळी
ताईचा फोन, मुलाच्या घरून. कायमची तिकडे राहायला गेली. म्हणाली, ट्रकपाशी किती वेळ उभी होते, तू जागचा हललाच नाहीस. मला वाटलं, ट्रक शेजाऱ्यांचा.

२३ जून
पट्टे! पाठपुराव्याचं फळ. इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, तुमच्या मोजणीवर नाही हो काका, समोरच्या आजींचा अर्ज होता, मार्चपासूनचा. साहेबांनी वाचला आणि सही केली. काय लिहिलं होतं विचारलं. ‘समोर धाकटा भाऊ एकटा असतो. जेवला का, ते बघायला जाता येत नाही.’

ओलांडलं. गाड्या थांबल्या. दाराला कुलूप. परत आलो.
पादचारी: दोन. दोन्ही मीच.