इंजेक्शनचा वार

सोमवार, ८ सप्टेंबर

रविवार नको. ठरलं. रविवारी संध्याकाळी टोचून घेतलं की सोमवारी सकाळी शाळेच्या कँटीनमध्ये उभं राहवत नाही. आज केळी तळत होते, तेलाचा वास आला आणि झारा टाकून मागच्या मोरीवर पळाले. दोनदा. सोबत काम करणारी एदिथा माझ्या जागी येऊन तळायला लागली. म्हणते, "बाई, एक्कावन्नाव्या वर्षी दिवस गेले की काय? बाप कोण, ते तरी सांग."

पोरं हसली. मीही हसले. तिला माहीत आहे सगळं, म्हणून तर असं बोलते.

धाकट्या भावाची, नोनोयची दोन्ही मूत्रपिंडं गेली त्याला आता दीड वर्ष होईल. माझं एक त्याला जुळतं. पण डॉ. पालमारेस म्हणाले, चौऱ्याहत्तर किलोच्या खाली आल्याशिवाय तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. जून महिन्यात शहाऐंशी होते. भाताशिवाय राहून बघितलं, चालून बघितलं, गुडघे सुजले. मग हे इंजेक्शन. आठवड्यातून एकदा, पोटावर. आज ऐंशी.

गुरुवार, ११ सप्टेंबर

नर्सला विचारलं. वार बदलता येतो म्हणाली, फक्त दोन इंजेक्शनांमध्ये पुरते दोन दिवस जायला हवेत. एकदा ठरवा आणि तोच ठेवा.

ठरवा म्हणे. सोमवार ते शुक्रवार कँटीन. मंगळवारी-शुक्रवारी दुपारनंतर नोनोयचं डायलिसिस, चार-चार तास. परवा मंगळवारी तिथेच मला घेरी आली. सगळ्या नर्सा त्याला सोडून माझ्याभोवती. तो एका हाताला नळ्या, दुसऱ्या हाताने मला वारा घालत होता. "मानांग, पेशंट कोण ते आधी ठरवू या," म्हणाला. थोरल्या बहिणीला तो अजून मानांगच म्हणतो.

शनिवार करून बघते.

रविवार, १४ सप्टेंबर

काल टोचलं. आज चर्चमधून आल्यावर नोनोयने कोंबडी घालून भाताची पेज केली, आलं घालून, अगदी आई करायची तशी. चार चमचे गेले. त्याने वाटी उचलून नेली. त्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी, मला हे चार चमचे. घरात दोन माणसं, एकाला प्यायला बंदी, दुसरीला खायला. भांडी मात्र तेवढीच पडतात.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. थकले आहे. याहून लिहायला काही नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

काल घेतलं नाही. आज एदिथाच्या नातीचा बाप्तिस्मा होता, तिथे ओकाऱ्या कशाला, म्हणून. सोमवारी घेईन. पण सोमवारी टोचलं तर मंगळवारी डायलिसिस. मग बुधवार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आजही नाही घेतलं. उद्या शाळेत कँटीनची तपासणी आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मला कालही माहीत होतं.

इथे कोणी वाचणार नाही, तर लिहून टाकते. मला भीती वाटते. इंजेक्शनची नाही. चौऱ्याहत्तरची. वजन वर आहे तोवर कोणी मला काही विचारत नाही. सगळे म्हणतात, बिचारी किती करते भावासाठी. अंघोळ करताना कुशीवर बोट फिरवून बघते, इथून कापतील, इथवर. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मीच वाढवला. त्याला काही द्यायचं तर मला कधी विचार करावा लागला नव्हता. आता लागतो, याचीच लाज वाटते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी टोचून घेतलं. दुपारी त्याचं प्रेशर एकदम खाली गेलं. ओठ पांढरे. नर्सने पाय वर केले, मशीन थांबवलं. दहा मिनिटांनी डोळे उघडून मला विचारतो, "तू जेवलीस का?"

मंगळवार, २८ ऑक्टोबर

चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ. डॉ. पालमारेसांनी आज मला एकटीलाच आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "पर्लिता, मी हे प्रत्येक दात्याला विचारतो. तुमच्या मनात नसेल तर मी एवढंच सांगेन की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. खरं कारण कोणालाही कळणार नाही. भावालाही नाही."

मी लगेच 'नाही, मला द्यायचंय' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

बाहेर नोनोय बाकावर बसला होता. काय म्हणाले, विचारलं. वजन अजून जास्त आहे, म्हटलं. खोटं तर नव्हतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज संतांचा सण, दरवर्षीसारखे आईबाबांच्या थडग्यावर गेलो. पांढरा रंग दिला, मेणबत्त्या लावल्या, शेजारच्या थडग्यावर लोक पत्ते खेळत होते. नोनोय सावलीत बसून बर्फाचा खडा चोखत होता. मधेच म्हणाला,

"मानांग, फ्रीजवरच्या कॅलेंडरवर तू इंजेक्शनच्या दिवसाला गोल करतेस ना? ऑक्टोबरमध्ये ते गोल फार फिरले."

मी ब्रश धुवायला लागले.

"नसेल द्यायचं तर नको देऊस. मशीन आहे की. लोक दहा-दहा वर्षं काढतात."

"तू नाही काढणार," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग बाकीचंही निघालं. भीती, तपासणीची थाप, डॉक्टरांनी बंद दाराआड विचारलेलं, सगळं. त्याच्याकडे बघून नाही बोलता आलं. थडग्याकडे बघून बोलले.

त्याने बर्फ गालात सरकवला. मग म्हणाला, "मला वाटायचं मी एकटाच घाबरलोय. तुझं घेतलं आणि महिन्याभरात वाया घालवलं तर? आईला काय तोंड दाखवू?"

"आईचं मी बघते," म्हटलं.

हसला. बर्फ ठसक्यात गेला. पाठ थोपटली तर शर्टाखाली नुसती हाडं लागली. मला कळलं नव्हतं एवढा वाळलाय. गेले काही महिने मी काट्यावर फक्त स्वतःलाच बघत होते.

रविवार, २ नोव्हेंबर

टोचून घेतलं. कोणत्या वारी घ्यायचं ते बघत बसले नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

त्र्याहत्तर पूर्णांक सहा. इंजेक्शन बंद करायला सांगितलं. ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी दोन तारखा पुढे ठेवल्या, एक डिसेंबरच्या सुरुवातीची, एक नाताळ झाल्यावरची.

मी आधीची घेतली.