एक्क्याऐंशी नंबरची बाटली

९ जानेवारी
आलीच! दवाखान्यात माझ्या तान्ह्या लेकीला, नोमिनला, ऑक्सिजन लावून मी जरा टेकते न टेकते, तोच दारात माझी धाकटी जाऊ ओदगेरेल. काखेत तिचा तेमूलेन — त्यालाही न्यूमोनिया. पलंगही नेमका शेजारचाच. सासूबाई थेट त्याच्याकडे. कपाळ हुंगून म्हणतात, "माझं कुरूप ध्यान गं ते!" आणि नोमिनला? "गोड दिसते हो." आमच्याकडे लाडाच्या लेकराला कुणी गोड म्हणतं? हिला दृष्ट लागली तरी चालेल, असाच अर्थ!

१० जानेवारी
डॉक्टर अरियुनांनी दोघांना एकेक बाटली दिली. रोज सकाळी चमचाभर, आईनंच पाजायचं. "हिवाळाभर गुंडाळलेली पोरं, ऊन कुठलं लागणार? नेहमीची औषधं चालूच राहतील. वर ड जीवनसत्त्व दिलं तर फरक पडतो का, ते आम्ही बघतोय. काही बाटल्यांत ते, काहींत नुसतं तेल. कुठल्यात काय, मलाही ठाऊक नाही."

आमची चौऱ्याहत्तर. त्यांची एक्क्याऐंशी! सासूबाईंनी हातच जोडले. "नऊ वेळा नऊ दिवस मोजले की थंडी सरते, तोच हा आकडा. खरं औषध यातच!" सगळा वॉर्ड माना डोलवतोय. मलाही तेच वाटलं, म्हणून तर जास्त झोंबलं.

१३ जानेवारी
तेमूलेन दूध ओढायला लागला. नोमिनच्या बरगड्या अजून आत जातायत. ओदगेरेल म्हणते, "ताई, तुमचीही होईल बरी." तिला काय जातंय म्हणायला! मुलगा तिला, सासू तिची, आकडाही तिलाच. जळते मी. हो, जळते!

१४ जानेवारी
ती खाली सूप आणायला गेली होती. दोन्ही बाटल्यांतल्या औषधाची मी अदलाबदल केली. नंबर तसेच ठेवले.

१६ जानेवारी
नोमिन रडली. चांगली खणखणीत! म्हणत नव्हते मी?

१८ जानेवारी
तेमूलेनचा ताप उलटला. ओठ निळे. आत मोठ्या यंत्रावर नेलंय त्याला. डॉक्टर म्हणाल्या, "हा आजार असा फिरतो कधीकधी." कधीकधी. सासूबाई कुरूप म्हणायलाही विसरल्या, नुसतं "बाळा, बाळा" चाललंय. मी सगळ्यांकडे पाठ करून नोमिनला कुशीत धरून बसले. कुणी बघू नये असं वाटलं.

१९ जानेवारी
ओदगेरेल माझ्या पायाशी येऊन बसली. "ताई, रागावू नका. पहिल्याच दिवशी, तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा, मी आमचं औषध तुमच्या बाटलीत ओतलं, तुमचं आमच्यात. नोमिनचे हाल बघवेनात हो. आता ती सावरलीय, पण माझा जातोय. आमचं ते आम्हाला परत द्याल?"

परत काय देऊ? ते तर मी कधीच परत ओतलंय.