बिनसाखरेच्या कांड्या

१२ एप्रिल, शनिवार
दु. पारा ४०च्या वर. नारायण पेठेत दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही.
सुधाचं तोंड सारखं कोरडं पडतं. मार्चात डॉ.नी तिच्या किडन्या थकल्यात म्हणून सांगितलं, तेव्हापासून दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा-ताक. बोलत नाही, नुसती ओठांवरून जीभ फिरवते. तीस वर्षं मी खडकवासल्याला धरणाची पातळी लिहिली. आता तिच्या तांब्याची लिहितो.
मीनलने बंगळुरूहून व्हिडिओ पाठवला. घरच्या घरी फळांच्या आइसकांड्या. साखर नाही, रंग नाही. "बाबा, आईला चघळायला बरं पडेल. पण आधी त्या डाएटिशियनला विचारा."
म्हटलं, फळं खायला आता चिठ्ठी लागते का?
मार्चात त्या मुलीकडे गेलो होतो की. पंचविशीची असेल, आम्हाला जेवायला शिकवत होती. पाच मिनिटांत उठून खाली स्कूटरपाशी येऊन थांबलो. कागद सुधाकडे दिलाय. मीठ कमी, एवढंच असणार त्यात. दुसरं काय?

१३ एप्रिल, रवि.
तुळशीबागेतून सहा कांड्यांचा साचा आणला. दुकानदार : "नातवासाठी का?" मी : "बायकोसाठी." त्याने चष्मा वर करून पाहिलं.
शहाळ्याचं पाणी, कलिंगडाचे तुकडे. सुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी. "मी करू का?" "तू बस." ओटा, फरशी, माझा लेंगा, सगळं गुलाबी.

१४ एप्रिल, सोम.
ओढली तर नुसती काडी हातात आली. बर्फ आत. सुधा पदराआड हसत होती.

१५ एप्रिल, मंगळ.
जमलं! साचा अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवायचा, मग अलगद सुटते. अख्खी खाल्ली तिने. "छान झालीय हो." खाताना हाताखाली वाटी धरली होती, थेंबही वाया जाऊ दिला नाही.
कांडीतलं पाणी तिच्या लिटरात धरलं. हिशेब चोख.

१९ एप्रिल, शनि.
सुधारणा : नुसता रस गोठवला की दाताखाली बर्फाचे खडे येतात. पिकलं केळं घोटून घातलं की कांडी मऊ होते. गोडीला खजूर. आता आठवड्याचं वेळापत्रकच केलंय. सोम-गुरु शहाळं, मंगळ-शुक्र मोसंबं, बाकीचे दिवस केळं-खजूर.
सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे व्याख्यान दिलं. साखर शून्य, रंग शून्य. कुणी विचारलं नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी.
अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस बहात्तराव्या वर्षी कामाला लागला, असं सुधा मीनलला फोनवर सांगत होती. बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला लिहू.

२४ एप्रिल, गुरु.
सुधाचे पाय जड झालेत. जिना चढताना दोनदा थांबली. उन्हाचं असणार. ताकद यावी म्हणून आज दोन दिल्या. दुसरीला जरा थांबली, मग घेतली.

३० एप्रिल, बुध. अक्षय तृतीया
पहिला हापूस. आमच्याकडे आंबा कापला की फोडी मला, मीनलला, आणि कोय सुधाला. एकेचाळीस वर्षं ती बेसिनपाशी उभी राहून कोय चोखते. मी कधी विचारलं नाही, तिला कोय आवडते असंच धरून चाललो. आवडते का? माहीत नाही.
आज पाच आंब्यांचा रस काढला, सगळ्याच्या कांड्या केल्या. "एवढं सगळं मला?" म्हणाली. दोन खाल्ल्या. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मी समोर बसून बघत राहिलो.

२ मे, शुक्र.
सकाळी सुधाला खुर्चीतून उठता येईना. पाय हलतच नव्हते. नाडी पाहिली तर अगदी सावकाश. रिक्षा. हॉस्पिटल. छातीला तारा लावल्या, इंजेक्शनं दिली.
डॉ. : "पोटॅशियम फार वाढलंय, हृदयावर आलंय. काय खाल्लं होतं?"
मी यादी सांगितली. शहाळं, केळं, खजूर, मोसंबं, आंबा. लाज वाटते लिहायला, पण सांगताना आवाजात थोडी ऐटच होती. साखर अजिबात नाही, म्हणालो.
डॉ.नी पेन खाली ठेवलं. "काका, किडनीला हे सगळं बाहेर टाकता येत नाही. तुम्हाला बंद करायला सांगितलेली यादीच तुम्ही मला वाचून दाखवताय."
पुढचं नीट ऐकू आलं नाही.

३ मे, शनि.
अजून आयसीयूत. मीनल विमानाने आली. मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, नुसती "चहा घेतलात का?" म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने विचारा म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं नाही. एवढीच गोष्ट आहे, आणि ती कशीही फिरवून लिहिली तरी एवढीच राहते.

४ मे, रवि.
जुने रिपोर्ट हवे होते म्हणून घरी आलो. सुधाच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, त्या मुलीचा कागद. वर ठळक : "पूर्ण बंद". खाली शहाळं, केळं, खजूर, आंबा, मोसंबं. प्रत्येकाखाली सुधाने निळ्या पेनाने रेघ मारलीय.
म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.
कपाटापाशी जमिनीवरच बसून राहिलो. मीनलचा फोन वाजत होता.

६ मे, मंगळ.
साध्या वॉर्डात आणलं. मीनल औषधं आणायला गेली तेव्हा विचारलं. कागद पाहिला म्हणालो.
सुधाने चादर नीट ओढून घेतली. मग : "लग्नानंतर एकदा तुम्ही चहा केला होतात. आठवतं?"
नाही आठवलं.
"मी म्हटलं, थोडा गोड झालाय. तुम्ही म्हणालात, मग उद्यापासून तूच कर, राणीसरकार. त्यानंतर गॅसला हात लावला नाहीत."
"यंदा पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी करत होतात. नको म्हटलं असतं तर साचा माळ्यावर गेला असता. मला तुम्ही स्वयंपाकघरात हवे होतात." मग म्हणाली, "वाटलं, एकेका कांडीने काय होतंय. चुकलंच माझं."
तिचं चुकलं म्हणे! मला रडू आलं. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. बघू दे.
तिचा हात धरून सांगितलं : यापुढे नको असेल तर नको म्हणायचं. मला काही वाटणार नाही. तिने मान हलवली, पण मान ती आयुष्यभर हलवत आलीय.

९ मे, शुक्र.
घरी आणलं. फ्रीजरमध्ये आंब्याच्या चार कांड्या शिल्लक होत्या. गरम पाण्याखाली धरल्या. घरभर वास सुटला. सुधा आतून म्हणाली, "अहो, आंबा का कापलात?" सांगितलं काय करतोय ते.

१० मे, शनि.
डाएटिशियनकडे. या वेळी पूर्ण तास बसलो, वहीत लिहून घेतलं. सफरचंद किंवा पेर, तेही लहान वाटीभर, आणि कांडी म्हणजे पाणीच, त्यामुळे लिटरातच धरायचं. तेवढं एक मला आधीच माहीत होतं. तिला "मॅडम" म्हणालो. मार्चातला मी तिला आठवत असणार, पण तिने दाखवलं नाही. मोठ्या मनाची मुलगी आहे.
संध्याकाळी मीनल गेली. निघताना मला म्हणाली, "बाबा, रोज विचारा तिला. आणि तिने 'चालेल' म्हटलं तर पुन्हा विचारा."

१२ मे, सोम.
सफरचंदाची कांडी. सालं काढली, शिजवलं, घोटलं, चिमूटभर दालचिनी. वजनकाट्यावर मोजून साच्यात भरलं.
सुधाने एक घास चाखला. मी : "कशीय?" ती : "छान आहे." मी : "खरं सांग." माझ्याकडे पाहत राहिली. मग कांडी वाटीत ठेवली. "अगदी बेचव झालीय. आजारी माणसाला देतात तसली. नको मला."
मग तूच कर, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. एकेचाळीस वर्षांची सवय. गिळलं. "काय कमी आहे?" विचारलं. "लिंबू पिळा थोडं. आणि शिजवू नका इतकं, भोपळा नाहीये तो."
उरलेली मी खाल्ली. खरंच बेचव होती. पण दिवसभर मजेत होतो. परत सफरचंदं आणायला मंडईत जाऊन आलो.

१३ मे, मंगळ.
लिंबू घातलं. "बरी आहे," म्हणाली. अर्धी खाल्ली, अर्धी परत दिली. मी पुन्हा विचारलं नाही, परत देताना हात अजिबात घुटमळला नव्हता.

१५ मे, गुरु.
रिपोर्ट. पोटॅशियम खाली आलंय, पण किडन्या सावरल्या नाहीत. डॉ. म्हणाले, डायलिसिस सुरू करू, आठवड्यातून दोनदा. या धक्क्याने लवकर वेळ आली का, असं मी विचारलं. "आली असतीच. कदाचित उशिरा," म्हणाले. त्या "कदाचित"चं काय करायचं मला कळत नाही.
"कधीपासून यायचं?" मी विचारायला लागलो, तर सुधाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांबा. ते मला विचारताहेत." मग डॉ.ना : "आणि नाही केलं तर?"
डॉ.नी सरळ सांगितलं. इथे लिहीत नाही.
घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "मला नको वाटतंय हो ते सुया-नळ्यांचं. पण अजून ठरवलं नाही. सोमवारी सांगते."
नको असेल तर नको म्हण, मला काही वाटणार नाही, असं मीच तिला रोज सांगतोय. आज वाटलं. कर, माझ्यासाठी कर, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं तर ती करेल, मला पक्कं माहीत आहे. मान हलवेल आणि करेल.
म्हणून अजून म्हटलेलं नाही. सोमवारला चार दिवस आहेत.