गोळी, सलाईन आणि ओसरीवरचा तराजू

मु. सिरसाळा, ता. परळी

तीर्थस्वरूप आक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच. डॉक्टरांनी कमरेतून वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे मी खुर्चीत ताठ बसून लिहितोय. तरी आशीर्वाद पूर्ण दे.) दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लिंबाच्या पाल्याने शेकणं सोडू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. मीही खुशालच आहे, फक्त दीड इंच कमी झालोय. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू कमी येतं म्हणून तू स्पीकर लावतेस आणि माझं दुखणं तुझ्याआधी अख्ख्या उमापूरला कळतं. म्हणून पत्र.

सुरुवात पायजम्यापासून झाली. दिवाळीचा नवा पायजमा जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा मी आसाराम शिंप्याच्या दुकानात जाऊन चारचौघांत त्याचं माप काढलं. पस्तीस वर्षं बाजारात मापाडी म्हणून काटा धरलेल्या माणसाला तू चुकीचं माप देतोस? तो बिचारा वही दाखवून एवढंच म्हणाला, "काका, तीस वर्सांपासून तुमचं हेच माप हाय." वही बरोबर होती. पायजमाही बरोबर होता. कमी झाला होता तो आतला माणूस, पण हे कळायला आणखी दोन महिने जायचे होते. (आसारामची माफी मागायची राहिली आहे. त्याच्याकडून दोन सदरे शिवून घेतले, त्यात ती आली असं मी धरतो.)

मग पौषात प्रविणला सोयाबीनचं पोतं कसं उचलावं हे दाखवायला गेलो. पोरगा शेती करतो, त्याला ते येतं. त्याने दाखवा असं म्हटलंही नव्हतं. पाठीत कट्कन आवाज झाला आणि मी तसाच पोत्यावर बसलो. अंबाजोगाईला नेलं, फोटो काढला, तर मणक्यातलं एक हाड नुकतंच दबलेलं, दोन आधीच दबलेली. मग हाडं मोजायच्या मशीनवर आडवं निजवलं आणि आकडा आला उणे तीन. म्हणजे माझी हाडं ठिसूळ झालीत. मला ते पटलं नाही. मी तिथल्या मुलीला विचारलं, या काट्याचं सरकारी पासिंग कधी झालं, शिक्का कुठे आहे? तिला प्रश्नच कळला नाही. काट्याचा संशय आला की दुसरा माल ठेवून बघावा, हा बाजारातला नियम. म्हणून मी वत्सलाला त्याच मशीनवर निजवलं. माझा अंदाज होता, बायको माझ्याहून अशक्त, तिचा आकडा उणे पाच तरी येईल आणि मशीन खोटं ठरेल. आक्का, तिची हाडं तिच्या वयाला शोभतील त्याहून चांगली निघाली. परत येताना एसटीत तिने माझी पिशवीही उचलली.

डॉक्टरांनी विचारलं, दम्याला काय घेता? मी अभिमानाने सांगितलं, आठवडी बाजारातल्या वैदूची पुडी, अकरा वर्षं, काय गुण आहे म्हणून सांगू. ते म्हणाले, गुण येणारच, त्यात स्टेरॉइड कुटलेलं असणार. कापसाची धूळ खाऊन दमा झाला आणि दम्याच्या पुडीने हाडं खाल्ली. आता पुडी त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद होतेय आणि तोंडाने ओढायचा पंप सुरू आहे.

हाडांसाठी त्यांनी चार वाटा सांगितल्या आणि घरी विचार करा म्हणाले, पण लवकर. दवाखान्याच्या फाटकातच वत्सला म्हणाली, "वर्सातून एक डाव सलाईन घ्या आन मोकळं व्हा, लई इचार कावून करायलात?" मी तिला समजावलं की असे निर्णय फाटकात होत नसतात. घरी येऊन माझा जुना तराजू ओसरीच्या आढ्याला टांगला. एका पारड्यात फायदा, दुसऱ्यात त्रास, आणि वजन म्हणून हरभऱ्याचे दाणे.

पहिली वाट, आठवड्याची गोळी. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर घशापासून छातीपर्यंत जळजळ. मी गोळी न घेताच एक दिवस तालीम केली. पेलाभर पाणी प्यालो आणि अंगणात उभा राहिलो. अकराव्या मिनिटाला शेजारचा सुग्रीव चहाची वेळ गाठून आला. आलेल्या माणसाला एकट्याला चहा पाजायचा आणि आपण खांबासारखं बघत राहायचं, हे आपल्या घराण्यात कधी झालेलं नाही. प्यालो. दुसरी वाट, सहा महिन्यांनी कातडीखाली सुई. चांगली आहे, पण तारीख चुकली की कमावलेलं हाड झपाट्याने जातं म्हणे. माझ्या लग्नाची तारीख मला वत्सला सांगते, तेव्हा ही वाट बाद. तिसरी, रोज आपल्याच हाताने पोटात सुई, दीड-दोन वर्षं. हाड नवं भरतं, पण सुई फ्रिजात ठेवायची, आणि आमची लाईट कधी येते हे तुला माहीत आहे.

चौथी वाट, सलाईन. आधी रक्ताची तपासणी करून मूत्रपिंड बघतात, मग वर्षातून एकदा पाऊण तास. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी. जबड्याच्या हाडाला क्वचित इजा होते, अगदी क्वचित, असं डॉक्टर म्हणाले. (ओल्या मालाच्या वजनातून आपण कडता कापतो, तसा मी डॉक्टरांच्या धीर देण्यातूनही थोडा कापला.) म्हणून हलणारी दाढ आधीच काढून घेतली, तिची जखमही भरली. शेवटी एका पारड्यात गोळी, दुसऱ्यात सलाईन ठेवली आणि रोज सकाळी विचार करून दाणा टाकत गेलो. आठवडाभर काटा सरळ होता. पुढे तो रोज थोडाथोडा सलाईनकडे झुकत गेला. नीट विचार केला की माप आपोआप लागतं, हे मी नेहमी सांगत आलोय.

खरं सांगू, तापाचं मला काही वाटत नाही. मला आठवते ती आपल्या आईची बाज. हौदापाशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दोन वर्षं तिने आढ्याकडे बघत काढली. तू तिला कूस बदलून द्यायचीस आणि मी बाहेर जाऊन उभा राहायचो. त्या बाजेची मला भीती वाटते, आणि वत्सलाला माझी कूस बदलावी लागेल याची त्याहून जास्त.

पण काळजी करू नकोस. निर्णय झालेला आहे.

तुझा धाकटा,
उत्तरेश्वर

ता. क. निर्णय झाला आहे, पण घरात सांगता येत नाही. तीन महिने तोलून मी तिथेच आलो, जिथे वत्सला फाटकात पोचली होती. तरी तू मला एक कडक पत्र लिही की, उत्तरेश्वर, सलाईन घे, ही माझी आज्ञा आहे. तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पत्र वत्सलाच्या हातात पडेल असं पाठव.

ता. क. २. फाटकाचा उल्लेख करू नकोस.

आक्का, वत्सलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. सलाईनचा नंबर मी येत्या गुरुवारी लावला हाय, तवा पत्र लिवीत बसू नका, बुधवारी फोन करून आज्ञा करा, आन स्पीकर लावूनच करा. मला काईच माहीत न्हाई असं मी दाखवीन. तुमची बी हाडं एकदा मोजून घ्या, आईंचं झालं ते तुमचं होऊ नये. आन एक. आठवडाभर काटा हालंना, म्हणून सांजंचा दिवा लावताना मी सलाईनच्या पारड्यात रोज दोन दाणे टाकत होते. पस्तीस वर्सं काटा धरलेला माणूस, त्यांना कळलं बी आसंल. पण त्यांनी ते काढले न्हाईत.