परसातला स्टुडिओ

प्रिय ठमाबाई,

बाळाचा पहिला फोटो बाबांनीच काढावा म्हणून तू एवढ्या हौसेनं फोन केलास आणि त्यांनी ‘हल्ली सगळ्यांच्या फोनला कॅमेरे असतात, घ्या काढून’ म्हणत एका वाक्यात तुला वाटेला लावलं. तेव्हापासून तू माझ्याशी बोलतेस, त्यांच्याशी नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही गाल फुगवूनच बसले असते. पण रुसवा जरा बाजूला ठेव आणि आमच्या परसातली गंमत ऐक.

स्टुडिओ बंद केल्यापासून तुझे बाबा पक्ष्यांचे फोटो काढताहेत. जन्मभर ज्यांनी लोकांना खुर्चीत बसवून ‘हलू नका’ म्हणून दम भरला, ते आता कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या चिमण्यांच्या नादी लागलेत! थंडीत ऊन शेजारच्या भिंतीवरून तिरकं उतरतं आणि सकाळी थोडा वेळ थेट आपल्या मागच्या नळापाशी येऊन टेकतं. नळ गळका आहे. मी प्लंबरला बोलावलं, तर यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणे, पक्षी अंघोळीला येतात. दोरीवर पांढरी चादर घातली आहे, ती कडकडीत वाळली तरी काढायची नाही, कारण तिच्यावरून उजेड पक्ष्याच्या सावलीतल्या अंगावर पडतो. मी घरात राहते की स्टुडिओत, माझं मलाच कळेनासं झालंय.

सुरुवातीचे फोटो बघून मला हसू आवरेना. पक्षी कसले, नुसते डाग! चिमणी हलली, म्हणाले. रोज खापर चिमणीवरच. मग एक दिवस त्यांचा कप बशीवर किणकिणताना ऐकला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ठमे, त्यांचा उजवा हात थरथरतो. हळूहळू वाढणार, असं डॉक्टर म्हणतात. तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मी आत्ता मोडली.

पण मला तुला रडवायचं नाही, तुझ्या बापाचं कौतुक सांगायचंय. गप्प बसतील तर ते तुझे बाबा कसले! तुझ्या जुन्या फ्रॉकची मी पिशवी शिवून दिली, त्यांनी तिच्यात वाळू भरली. खिडकीत ती ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, कोपर भिंतीला टेकायचं, श्वास सोडायचा आणि तो संपता संपता बटण दाबायचं. ‘हलू नका’ असं आता ते स्वतःलाच बजावतात. पायांना मुंग्या येईपर्यंत हा माणूस धोब्याची वाट बघत उभा असतो. धोबी म्हणजे तो काळापांढरा, शेपटी सारखी वरखाली करणारा इवलासा पक्षी, थंडीतच येतो. परवा त्यांनी तो असा टिपला, की पिसावरचा पाण्याचा थेंब दिसतो आणि डोळ्यात उन्हाची बारीक ठिणगी. फोटोत डोळा जिवंत हवा, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आठवतं? इतकी वर्षं संसार केला, पण परवा मी नव्यानं त्यांच्या प्रेमात पडले, बघ.

काल सकाळी त्यांनी मला नळापाशी स्टुलावर बसवलं. हातात एक गुंडाळलेला टॉवेल दिला आणि म्हणाले, डोकं जरा उजेडाकडे कर. मी माझं वळवलं, तर म्हणाले, तुझं नाही गं, त्याचं. तो फोटो सोबत पाठवतेय. माझ्या नाकावरचा तीळसुद्धा लख्ख आलाय. हे ऊन आता थोडेच दिवस असं तिरकं येईल, आणि पुढच्या थंडीत हात साथ देईल की नाही, कोण जाणे. तू ये. हाताबद्दल चकार शब्द काढू नकोस. फक्त सकाळी लवकर ऊठ आणि त्या टॉवेलच्या जागी बाळाला आणून ठेव.

तुझीच, शपथ मोडलेली,
आई