बिस्किटांच्या कारखान्यातले अण्णा

अण्णा, मी घरी बियर बनवते. हे वाक्य तुम्ही असताना तुमच्यासमोर उच्चारायची माझी छाती झाली नसती. तुम्ही ताट बाजूला सारून उठला असतात आणि मग चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नसतं. आता तुम्ही नाही, मीही पन्नाशीला आलेय, आणि जर्मनीत बॉबलिंगेनला आमच्या इमारतीच्या तळघरात, ज्याला इथे केलर म्हणतात, लोणच्याच्या बरण्या आणि मुलीच्या जुन्या सायकलीशेजारी माझी भांडी मांडलेली आहेत. एक मोठं स्टीलचं पातेलं, सहलीला नेतात तसा एक कूलबॉक्स आणि आंबवायला झाकणाची पांढरी पिंपं. बनवते तीही इथल्यासारखी पिवळी, फेसाळ बियर नाही. इंग्लंडात मिळते तशी तांबूस, कमी फेसाची, कडवट एल. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजोबांनी एकदा चाखून पाहिली आणि म्हणाले, "इंटरेसांट," म्हणजे मजेशीर आहे. इथे कुणी इंटरेसांट म्हटलं की समजायचं, पुन्हा द्यायची नाही.

तिची चव मला लागली ती ऑफिसनं दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं तेव्हा. शुक्रवारी संध्याकाळी टीममधले सगळे पबमध्ये जायचे आणि मी संत्र्याचा रस घेऊन त्यांच्यात बसायचे. एका शुक्रवारी रस नाही घेतला. तुम्हाला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, तरी पहिला घोट घेताना मी मनातल्या मनात तुमची माफी मागितली. खरंच मागितली, देवासमोर मागतात तशी. पुढे आम्ही इथे आलो, ही एल कुठे मिळेना, म्हणून डब्यात मिळणारा माल्टचा पाक आणून मी ती घरीच बनवायला लागले. तेव्हाही हॉलमधल्या तुमच्या फोटोसमोरून बाटल्या नेताना मी त्यांच्यावर पंचा टाकायचे. नवरा हसायचा. हसू दे, म्हणायचे मी. ज्या माणसानं तत्त्वासाठी पोटच्या मुलीच्या पसंतीचं लग्न होऊ दिलं नाही, त्याच्या फोटोचा एवढा मान राखायलाच हवा, असं मला वाटायचं.

त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही. औरंगाबादचं आपलं स्वयंपाकघर, आई पोळ्या लाटतेय, आणि बाहेरच्या खोलीत माझ्या कॉलेजातला तो मुलगा तुमच्यासमोर खुर्चीच्या टोकाशी बसलाय. वडील काय करतात, असं तुम्ही विचारता. तो सरळ सांगतो, "स्टेशन रोडला आमचा बियर बार आहे." हॉटेल आहे एवढंच म्हण, असं मी त्याला आधी बजावलं होतं. तो म्हणाला होता, पहिल्याच दिवशी खोटं कशाला. तुम्ही त्याला चहा पूर्ण करू दिलात, फाटकापर्यंत सोडायला गेलात, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "दारूच्या पैशावर चूल पेटते त्या घरात माझी मुलगी जाणार नाही," म्हणालात. "तिथल्या पोळीलासुद्धा वास असतो." आईनं मान खाली घातली ती वर केली नाही. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी रडतेय. मी एक शब्द बोलले नाही. राग आला होता, पण त्याहून जास्त तुमचा अभिमान वाटला होता, आणि हे लिहिताना आज माझी मलाच चीड येतेय. पुढे तुमच्या पसंतीच्या मुलाशी मी लग्न केलं. तो चांगला निघाला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे.

मागच्या वर्षी मी पाकाचा डबा सोडून थेट धान्यापासून एल करायचं ठरवलं. म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, तिलाच माल्ट म्हणतात, भरडायची, कूलबॉक्समध्ये गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायची, की तिचा गोडवा पाण्यात उतरतो, आणि मग ते पाणी तेवढं गाळून घ्यायचं. नवऱ्यानं कूलबॉक्सच्या तळाला जाळीची नळी बसवून दिली, बाहेरून नळ लावला. आणि मी काय केलं, तर इथे येताना आणलेल्या मिक्सरवर ती बार्ली चांगली वस्त्रगाळ दळली. बारीक दळण म्हणजे चांगलं दळण, हे आपल्या बायकांच्या हाडात मुरलेलं. कूलबॉक्समध्ये त्याचं झालं पिठलं. नळ उघडला तर थेंब येईना. दाण्याचं टरफल अख्खं राहायला हवं, त्याचीच गाळणी होते, हे मला कुठे माहीत. चिडून मी झाकण काढलं, बाह्या सरसावल्या आणि ते डावानं ढवळायला खाली वाकले. तोंडावर वाफ आली आणि माझा हात थांबला. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तुम्ही घरी यायचात, मी धावत येऊन तुम्हाला मिठी मारायचे, तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा तो हा वास. ओल्या, उबदार धान्याचा, गोडसर. बिस्किटांचा वास आहे, असं तुम्ही सांगायचात, कारण तुम्ही बिस्किटांच्या कारखान्यात होतात. दर शनिवारी कागदी पिशवीतून तुटकी बिस्किटं आणायचात आणि म्हणायचात, "मोडकी निघतात ती आम्हालाच वाटतात." वर्गातल्या मुली मला बिस्किट म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

त्या दुपारी केलरमध्ये डाव हातात धरून मी रडले, अण्णा, आणि ते आनंदानं. इतक्या वर्षांनी तुम्ही परक्या देशात माझ्या तळघरात आलात असं वाटलं. बिस्किटातही माल्ट असतं, म्हणून हा वास, अशी माझी मीच समजूत घातली. मग ते पिठलं फडक्यातून पिळून निघेल तेवढं पाणी काढलं, पातेल्यात उकळायला ठेवलं आणि त्यात हॉप्स टाकले. हॉप्स म्हणजे वाळवलेली कडू फुलं, बियरचा कडवटपणा त्यांचाच. ती उकळायला लागली आणि तुमच्या वासाचा उरलेला अर्धा भाग आला. गोडाच्या मागचा तो उग्र, पाल्यासारखा वास, जो आईनं शर्ट दोनदा धुतला तरी कॉलरला राहायचा. बिस्किटात हॉप्स कुणी घालत नाही.

मी आईला फोन लावला. अजूनही मला वाटत होतं की काहीतरी साधं उत्तर असेल. मी हे उद्योग करते ते तिला माहीत नव्हतं, तेही त्याच वाक्यात सांगून टाकलं. "आई, मी इथे घरी बियर बनवतेय, आणि तिला अण्णांच्या शर्टाचा वास येतोय." ती संतापेल म्हणून मी थांबले. ती संतापली नाही. तिच्याकडचा टीव्ही ऐकू येत होता, तो तिनं बंद केला.

"येणारच," ती म्हणाली. "बियरच्याच कंपनीत होते ते. पहिल्यापासून."

"आणि बिस्किटं?"

"बसस्टँडजवळच्या बेकरीतून आणायचे. बेकरीवाला मोडकी काढून ठेवायचा त्यांच्यासाठी."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा मोठा भाऊ दारूपायी गेला होता, त्यामुळे दारूच्या कारखान्यातल्या माणसाला तिच्या वडिलांनी मुलगी दिली नसती, म्हणून लग्न जुळवताना तुमच्याकडच्यांनी बिस्किटांचा कारखाना सांगितला. "मला पहिल्याच महिन्यात कळलं," आई म्हणाली. "मी म्हटलं, आता सांगून टाका. ते म्हणाले, तुझे वडील म्हणतील फसवून मुलगी नेली. मग तू झालीस. लेकराला तरी काय सांगायचं." मी विचारलं, तो मुलगा घरी आला होता त्या दिवसाचं काय. "त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला हे बोलायचा अधिकार नाही. तर म्हणाले, मलाच आहे. भरून जाणाऱ्या गाड्या मी रोज बघतो, त्या कुठल्या घरांत जातात ते मला माहितीय."

ऐकायला बरं वाटतं ते. पण तुम्ही खोटं सांगून बायको मिळवलीत आणि खरं सांगितलं म्हणून त्या मुलाला दारातून परत पाठवलंत, हे मला कुठल्या मापानं मोजायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तुमच्याच तोंडून शिकले. आयुष्यभर नाकानं कांदे सोललेत. आपली चूल त्याच पैशावर पेटत होती, माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली, आणि वास मात्र त्यांच्या पोळीला. त्या मुलाशी लग्न न झाल्याचं दुःख केव्हाच ओसरलंय, त्याचा चेहराही आता नीट आठवत नाही. पण ज्या तत्त्वापुढे मी मान तुकवली, ते तत्त्व तुमच्या घरात कधी नव्हतंच. फोटोसमोर मी बाटल्या झाकत होते आणि फोटोतला माणूस आयुष्यभर तेच झाकत आला होता. इंग्लंडात मागितलेली ती माफी मला परत हवी आहे.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "अगं, त्यांनी काय मर्डर केलाय का? बियरच बनवली ना. आल्झो, म्हणजे इथे असते तर लोकांनी टोपी काढून नमस्कार केला असता त्यांना." त्याचं म्हणणं खोटं नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

एल करणं काही मी सोडलं नाही. आता हातानं फिरवायची लहान चक्की आणलीय, तिचे दोन रूळ इतके लांब ठेवलेत की दाणा फुटतो पण टरफल फाटत नाही. नळ उघडला की स्वच्छ तांबूस धार येते. पण एलला अंग येत नाही, चव पाणचट लागते. इंटरनेटवर विचारलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात, पाणी जास्त तापवा, कमी तापवा, पाणीच बदला. हा प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूस वीस वर्षं माझ्यासमोर पाटावर बसून जेवत होता आणि विचारलं की बिस्किटांबद्दल बोलत होता. माझा खरा संताप तिथे आहे. तुमचं काम काय होतं, त्यात तुम्ही हुशार होतात का, वरचे तुम्हाला मानायचे का, यातलं मला काहीच माहीत नाही. तुमच्या तेराव्याला दोन अनोळखी माणसं आली होती. एकाच्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता. माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात आईनं मला आत हाक मारली, आणि मी बाहेर येईपर्यंत चहा पिऊन ते निघून गेले होते. तेव्हा मला आईचा राग आला, पाहुण्यांशी असं वागतात का म्हणून. आता कळतं, तिनं मला त्यांच्याशी का बोलू दिलं नाही. ते कोण होते, हे तिलाही सांगता येत नाही.

या महिन्यात मुलीच्या शाळेत रेफेराट होतं. म्हणजे वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं, आणि विषय होता आजी-आजोबांचं काम. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तुम्ही कुठे नोकरीला होतात ते मी तिला सांगितलं, तर ती खुर्चीतून उठलीच. "एश्ट? ओपा वार ब्राउअर?" खरंच का, आजोबा बियर बनवायचे का. तुम्ही जे मरेपर्यंत लपवलंत ते तिला वर्गात मिरवायचं होतं. मग तिनं लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "उंड वास हाट एर गेनाऊ गेमाख्ट?" म्हणजे नेमकं काय करायचे ते.

मी आईला विचारलं. "सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. डबा रिकामा आणायचे," ती म्हणाली. "त्या विषयावर घरात बोलायचंच नाही, असं ठरलं होतं आमचं." मुलगी माझ्याकडे बघत बसली होती.

मग मी सांगायला लागले. कारखान्यातल्या एकाही टाकीतली बियर ओपांनी होकार दिल्याशिवाय बाहेर जात नसे. काचेच्या ग्लासात थोडीशी काढून त्यांच्यासमोर ठेवायचे. ते ती पीत नसत, नुसता वास घ्यायचे, आणि नाही म्हणाले तर सगळी टाकी गटारात. मालकाचंसुद्धा काही चालायचं नाही. हे सगळं कुठून आलं मला माहीत नाही, बोलत गेले तसं सुचत गेलं, आणि ती भराभरा टाइप करत होती. वर्गात तिनं ते सांगितल्यावर टाळ्या पडल्या म्हणे. तिच्या शिक्षिकेनं विचारलं, ओपाचा फोटो आहे का.

हे लिहिलेलं मी आईला वाचून दाखवणार नाही, आणि ज्याला ते दाखवावं असं दुसरं कुणी नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. कधीतरी मुलगी मोठी होईल, तिला खरं काय ते सांगावं लागेल, आणि ते तर मलाच माहीत नाही. पण एक कबूल करते, अण्णा. तिला ते खोटं सांगत असताना मला फार बरं वाटत होतं.